नोंदीप्रमाणे गाडी आत आहे

विद्यापीठाच्या पार्किंग ऑफिसचं पत्र ऑक्टोबरात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. ‘आपल्या पार्किंग-टॅगवर एक गाडी आत असताना दुसरी गाडी आत आणल्याची नोंद आहे. सोबतच्या कागदावर सही करून चूक मान्य केल्यास टॅग चालू राहील. उत्तर न आल्यास बंद होईल.’ मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि शब्दकोशाखाली सरकवून दिलं. बायको रोज म्हणे, सही करून टाक. जन्मभर विद्यापीठात ग्रीक शिकवलं, पण ऑफिसला दोन ओळी लिहायच्या म्हटलं की माझे हात गार पडतात. शिवाय मनात किडा वळवळत होताच. यंत्र कशाला खोटं बोलेल? आपलंच काहीतरी चुकलं असेल.

नोव्हेंबरात बर्फ पडायला लागला. खुब्याच्या ऑपरेशननंतर मारेनला, माझ्या बायकोला, दर मंगळवारी विद्यापीठाच्या गरम पाण्याच्या हौदात व्यायाम करायचा असतो. पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावरून थेट तिथपर्यंत झाकलेला पूल जातो. वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईला तेवढा एकच रस्ता आहे.

एका मंगळवारी मी पार्किंगच्या फाटकाशी गाडी नेली. समोरचा दांडा हलला नाही. पुढे-मागे करून पाहिलं, काच आतून पुसली. शेवटी खांबावरचं बटण दाबलं.

“सर, तुमचा टॅग बंद आहे,” आतून एका मुलीचा आवाज आला. “शिवाय नोंदीप्रमाणे तुमची एक गाडी आतच आहे. फुटबॉलच्या शनिवारपासून.”

“मी... मी बाहेर आहे,” मी म्हणालो.

“नोंदीप्रमाणे आत आहात, सर.”

मारेन माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकली. “अगं पोरी, आम्ही दोघं म्हातारे तुझ्या दांड्यासमोर बसलोय! डोळे आहेत ना तुला? खाली ये आणि बघ!”

“मॅडम, मला फक्त स्क्रीन दिसते.”

मागे हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, “आजोबा, घरी जा की!” मी माफी मागायला काच खाली केली, तेवढ्यात मारेन दार उघडून उतरलीसुद्धा. वॉकर काढला, दांड्याच्या बाजूने वळली आणि चिखलबर्फातून हौदाकडच्या चढावरून वर निघाली. मला उतरता येईना. मागच्या गाड्या एकेक करून मागे हटेपर्यंत ती वळणावर दिसेनाशी झाली.

रेल्वेच्या रुळांपलीकडच्या मोकळ्या मैदानात गाडी लावून मी धावत, म्हणजे माझ्याच्याने जमेल तसा धावत पोचलो. मारेन हौदाबाहेरच्या बाकावर बसली होती. बूट भिजलेले होते. तिची वेळ निघून गेली होती. शेजारी खांद्यावर टॉवेल टाकून गेरिट व्हॉस उभा होता. माझा जुना सहकारी, नीतिशास्त्राचा.

“अरे एल्डन, तुलाही आलं का ते पत्र?” तो हसत म्हणाला. “आमच्या अख्ख्या मजल्याला आलं. त्या शनिवारी सामना सुटल्यावर गर्दी तुंबली, तेव्हा त्यांच्याच माणसांनी दांडे वर करून ठेवले होते ना? टॅग वाचलेच गेले नाहीत. यंत्राला वाटतं, सगळे अजून आतच.”

मला आठवलं. मी सामन्याला गेलोच नव्हतो. वाचनालयातून निघालो होतो. फाटकाशी पिवळ्या जाकिटातली मुलगी हात हलवत ओरडत होती, “चला चला, थांबू नका!” मी तिचे आभारसुद्धा मानले होते.

“मग तू काय लिहिलंस?” मी विचारलं.

“लिहायचं काय? सही केली. चूक मान्य. दुसऱ्या दिवशी टॅग सुरू.”

“पण तू चूक केली नव्हतीस.”

“मी नीतिशास्त्र शिकवतो रे, पार्किंग नाही.”

मारेनने त्याच्याकडे असं पाहिलं की तो टॉवेल सावरत निघून गेला. इतकी शिकलेली माणसं, आणि सगळ्यांनी न केलेल्या गुन्ह्यावर सही ठोकली! आणि मी? मी तर गप्प बसून तोच गुन्हा कबूल केला होता.

तरी घरी आल्यावर मी शब्दकोश उचलला आणि सहीचा कागद काढला. मारेनचे पाय पाहवत नव्हते.

“काय करतोयस?” मारेनने विचारलं.

“सही. पुढच्या मंगळवारी तुला—”

“महिनाभर मीच तुला म्हणत होते, कर सही, माझ्या खुब्याला तत्त्वं कळत नाहीत. आज तो चढ चढून आले मी. आता सही केलीस तर त्या पाण्यात पाय घालणार नाही.” तिने तो कागद ओढून घेतला, जमिनीवर पसरला आणि त्यावर आपले ओले बूट ठेवले. “लिही.”

मी लिहायला बसलो. पहिली ओळ झाली, ‘आपल्याला त्रास देत आहे, क्षमा असावी.’

खांद्यावरून वाचत ती म्हणाली, “कोणी कोणाला त्रास दिला?”

ती ओळ मी खोडली. मग मला घरासमोर उभी गाडी दिसली, आणि तिच्या काचेवरची टॅगची पांढरी पट्टी. एवढे दिवस मी रोज तिच्या शेजारून रस्ता पाहत होतो! आरशाला अडकवायचं जुनं कार्ड लोक एकमेकांना देत, म्हणून तर ऑफिसने ही चिकटवायची पट्टी आणली. काढायला गेलं की फाटते. मग ती दुसऱ्या गाडीवर गेली कशी? एवढा साधा प्रश्न त्या ऑफिसात एकालाही पडला नव्हता. मलाही नाही.

मी लिहिलं:

‘माझा टॅग माझ्याच काचेवर आहे, अखंड. येऊन पाहा. त्या शनिवारी दांडा तुमच्या माणसांनी वर धरला होता आणि मला बाहेर जा म्हणून सांगितलं. मी गेलो. मी काहीही मान्य करत नाही. ज्यांच्याकडून तुम्ही खोट्या कबुल्या घेतल्यात, त्यांचे कागद परत करा. तुमच्या मूर्खपणापायी माझी बायको बर्फातून चालली. येत्या मंगळवारी मी तिला घेऊन फाटकाशी येतो आहे आणि दांडा उठेपर्यंत हलणार नाही. मागे कितीही हॉर्न वाजोत.’

‘आपला नम्र’ हे सवयीने लिहिलं, मग ‘नम्र’ खोडलं.

पाकीट घेऊन मी घराच्या फाटकाजवळच्या आमच्या टपालपेटीपर्यंत गेलो, आत ठेवलं आणि न्यायचं पत्र आहे हे पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचा लाल झेंडा वर केला. परत येताना वाटलं, ‘मूर्खपणा’ हा शब्द जरा जास्तच झाला का? ‘निष्काळजीपणा’ चालला असता. मी थांबलो, वळलो. खिडकीत मारेन उभी होती, अनवाणी. मी तिथेच उभा राहिलो. पोस्टाची गाडी आली, हात बाहेर आला, पाकीट घेतलं आणि झेंडा खाली पाडून ती गाडी पुढे गेली.