पुतळीबाईंच्या फोटोवरची काच

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. चामटोलीच्या चांगोबाबांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या फोटोवर बसवलेली. पुतळीबाई गेल्या आणि त्यांचा हा एकच फोटो मागे राहिला.

अंबरनाथ पश्चिमेच्या एका फ्रेमवाल्याने मला हिऱ्याने कापलं आणि थेट फोटोवर दाबून बसवलं. मध्ये पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची असते, ती काही त्याने ठेवली नाही. तरी बरीच वर्षं सुखात गेली. सणासुदीला मला पुसत, हार घालत. आल्यागेल्याला पुतळीबाई आता बोलतील असं वाटे. माझं नाव कोण काढणार? काच मळली तरच लोकांना दिसते.

मग पुराचं पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर घरच्यांनी गाद्यांबरोबर फ्रेमही उन्हात टाकली, फोटो न काढता. तिथेच घात झाला. ओला फोटो वाळता वाळता मला असा चिकटला की सुटेना.

आता बिऱ्हाड वांगणीच्या नव्या फ्लॅटमध्ये हलायचं, म्हणून मुलगा राजेश नव्या फ्रेमसाठी फोटो सोडवायला ब्लेड घेऊन बसला. कोपऱ्यातला पदराचा तुकडा सोलून निघाला. माझा जीव वरखाली होऊ लागला, कारण पदरानंतर खांदा होता आणि खांद्यानंतर गाल.

"निघंल बाबा, हळूहळू निघंल," राजेश म्हणाला.

चांगोबाबांनी त्याचं मनगट धरलं. "चेहरा गेला तं मी कोनाला बघू?"

सून हिमानीने ब्लेड काढून घेतलं. दारातल्या सावलीत मला ठेवून तिने काचेवरूनच मोबाईलने फोटो काढला. छान उतरला. त्यावरून छापून आणलेली नवी प्रत चांगोबाबांनी बघितली, बरी आहे म्हणाले आणि राजेशला परत दिली.

तेव्हापासून मला चैन नाही. मला तडा गेला तर तो पुतळीबाईंच्या चेहऱ्यातून जाईल. म्हणून कळवळून सांगते, मित्रांनो, फोटो भिजला तर ओला असतानाच काचेपासून अलगद सोडवा आणि सावलीत वाळवा. फ्रेम करताना मध्ये पट्टी घालून घ्या. चिकटलाच, तर ओढू नका.

आज सामान टेम्पोत चढलं. मी गोधडीत, चांगोबाबांच्या मांडीवर आहे. टेम्पो राजेश चालवतोय, त्याला त्यांनी दोनदा हळू चालवायला सांगितलं. खड्डा आला की ते स्वतः सावरत नाहीत, दोन्ही हात माझ्याखाली घालतात.