समासातली शिसपेन्सिल

दत्तप्रसादांनी राजारामपुरीतल्या एका शाळेचं वाचनालय तीस वर्षं सांभाळलं. पुस्तकात कुणी रेघ ओढलेली दिसली की त्यांच्या जिवाला लागायचं. त्यामुळे बायको, मधुवंती, घरातल्या पुस्तकांच्या समासात शिसपेन्सिलीने काय लिहिते, हे ती असेपर्यंत त्यांनी कधी वाचलंच नाही. ती गेल्यावर वाचावंसं वाटलं, तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. छापलेलं कसंबसं लागायचं. पेन्सिलीचं फिकं अक्षर नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी करून घेतलं ते तेवढ्यासाठी.

पट्टी निघाली, रंग लख्ख झाले. पण प्रत्येक अक्षराखाली त्याचीच सावली दिसू लागली. संध्याकाळी रंकाळा तळ्यावर गेले तर एकेका दिव्याला कडेने चंद्रकोर चिकटलेली. समासातल्या ओळींचा तर नुसता गुंता. त्यांना वाटलं, दोष आपलाच. औषधाचे थेंब चुकले असतील, झोपेत डोळा चोळला असेल, की डोकंच खेळ करतंय? घरात विचारायला कुणी नव्हतं. दिवसभरात बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी, तेही अर्ध्या लिटरपुरतं.

आठवड्याने तपासणीला गेले. डॉक्टर निशिगंधांनी वाचायचं कार्ड हातात दिलं. त्यावरचा विहिरीबद्दलचा उतारा आधीच्या चार खेपांत इतरांच्या तोंडून ऐकून त्यांना पाठ झाला होता. वाचलेलं-ऐकलेलं डोक्यात राहायची त्यांना जुनी खोड. अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत ते घडाघडा म्हणून गेले. डॉक्टर खूश झाल्या. बाहेर नेसरीहून पहाटे निघालेली माणसं ताटकळत बसली होती. आता सावलीचं कुठे काढायचं, म्हणून ते नमस्कार करून उठले.

महिन्याने पुन्हा गेले. या वेळी कार्ड धोंडुबाईंनी दिलं, त्या तिथल्या जुन्या आया. दत्तप्रसादांनी विहीर सुरू केली. दुसऱ्याच ओळीला धोंडुबाई त्यांच्या खांद्यावरून वाकल्या.

"सर, कुठलं वाचताय? कार्ड बदललंय की. ह्यात हीर न्हाय, बैलगाडी हाय."

दाराशी थांबलेली दोघंतिघं हसली. दत्तप्रसादांचे कान तापले. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. खरं काय दिसतं ते सांगा, म्हणाल्या. मग दत्तप्रसादांनी दोनदा माफी मागत सावल्या आणि चंद्रकोरी सांगून टाकल्या. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि यंत्रातून पाहिलं. आत बसवलेली लेन्स एका बाजूला सरकली होती. तिची कड बाहुलीत येत होती, म्हणून एकाच अक्षराची दोन दिसत होती. मध्यावर आणता येईल, त्या म्हणाल्या; आणखी उशीर झाला असता तर ते काम अवघड झालं असतं.

"इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, चूक माझीच असेल."

लेन्स जागेवर आली. पंधरवड्याने एका दुपारी त्यांनी कपाटातलं पहिलं पुस्तक काढलं. समासात मधुवंतीचं डावीकडे झुकणारं बारीक अक्षर, स्वच्छ, एकेरी. एका शब्दाखाली रेघ आणि शेजारी: 'अर्थ यांना विचारायचा.' चार पानांनी पुन्हा तेच. पुढे एके ठिकाणी: 'वाचताहेत. नंतर विचारू.'

पुस्तक संपेपर्यंत असे अकरा शब्द निघाले. अकराही त्यांना ठाऊक होते.

मग उठून त्यांनी तिच्या शिवणाच्या डब्यातून शिसपेन्सिल शोधून काढली, आणि पहिल्या शब्दाशेजारी, तिच्या ओळीखाली, जपून अर्थ लिहिला.