जाळी की रबर

कारखान्यात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. फोरमनच्या मुलीशी लग्न करून फोरमनच्याच घरात राहायला आलेला, म्हणून गेटवरच्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो 'जावई'. दातओठ खात तो ऐकून घ्यायचा. न ऐकून करतो काय? नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की झाली की क्वार्टर मिळणार, आणि क्वार्टर मिळालं की बायकोला घेऊन सासऱ्याच्या घरातून बाहेर पडायचं, एवढं एकच खूळ त्याच्या डोक्यात होतं.

"एकदा आपलं दार आपण लावून घ्यायला लागलो ना," तो बायकोला सांगायचा, "की कारखान्यातली तुझी ती प्रयोगशाळेची नोकरी बंद. उलट उत्तरं द्यायची खोडही बंद. इथं बाप शेजारी आहे म्हणून तुझं फावतंय." आणि वर स्वतःच हसायचा. ही त्याची थट्टा बरं का! ती हसत नसे, पण हे लक्षात यायला त्याचं तिच्याकडे लक्ष होतं कुठं?

अशात कारखान्याच्या खाणीचा नवा भाग उघडायचं ठरलं. तिथला दगड क्रशरमध्ये फुटून मोठ्या थरथरत्या चाळणीवर पडणार, बारीक माल खाली उतरणार, जाड परत क्रशरकडे जाणार. त्या चाळणीवर बसवायचं काय, तारेची जाळी की भोकं पाडलेलं रबर, हे ठरवायचं काम साहेबांनी जावयाला दिलं.

"जमलं तर पक्कं करतो," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर तुमचं तुम्ही बघा."

तारेच्या जाळीत भोकंच भोकं, त्यामुळे सुका माल झरझर खाली येतो. पण माल चिकट निघाला की तीच जाळी सारवल्यासारखी बुजून जाते. रबर लवचिक असतं, थरथरताना ते चिकटलेलं झटकून टाकतं, मात्र त्याला भोकं कमी, काम सावकाश. म्हणजे सगळा खेळ माल कसा येणार यावर.

आता प्रयोगशाळेची रीत अशी, की कुठलाही नमुना आला की आधी तो ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायचा आणि मगच चाळायचा. जावयाला ते माहीत होतं, तेवढा काही तो ढ नव्हता. प्रयोगशाळेत नमुने सांभाळायला त्याची बायकोच होती. तिला त्यानं बजावून ठेवलं, "खाणीतला डबा ओव्हनमध्ये ठेवायचा नाही. आला तसा माझ्यापुढं आणायचा."

तिनं सीलबंद डबा आणला. झाकण काढलं तर आत सुका भुगा, बोटांतून वाळूसारखा निसटणारा.

"असाच आला?"

"असाच आला."

संपलं. बायकोच्या शब्दावर संशय कोण घेतो?

फोरमननं मात्र डब्यात हात घातला, चिमूटभर माल बोटांवर चोळला आणि सगळ्या माणसांसमोर विचारलं, "काय जावईबापू, जमिनीच्या पोटातला माल आणि याला जरासा ओलावा नाही? एकदा स्वतः खाणीत उतरून बघा की! का बुटांना चिखल लागेल?"

माणसं खो खो हसली. झालं, जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याला आपल्याला घरातून सुटू द्यायचं नाही, म्हणूनच हा खोडा, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. फोरमनची जीभच तिखट, काय करणार! हेच चार माणसांत न बोलता घरी बोलला असता तर कदाचित जावई खाणीत गेलाही असता. तो गेला नाही. "तारेची जाळी," त्यानं साहेबांना छातीठोकपणे सांगितलं.

जाळी बसली. नव्या भागातला माल आला तो पिवळट, ओला, चिकणमातीनं माखलेला. सुरुवातीला चाळणी झकास चालली आणि जावई कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग भोकं बारीक होऊ लागली. बघता बघता जाळी दिसेनाशी झाली, नुसता मातीचा थर थरथरत राहिला आणि बारीकसारीक सगळा माल त्यावरून घसरत परत क्रशरकडे निघाला. क्रशर तुंबला, माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरून दगड खाली कोसळले. बंद करा, बंद करा, अशी एकच बोंब उठली. माणसांनी तारेच्या ब्रशांनी जाळी खरवडली, पुन्हा सुरू केली. पुन्हा बुजली.

"डोळे घरी ठेवून आला होतात?" साहेब सगळ्यांदेखत गरजले. "उद्यापासून येऊ नका."

फोरमन पुढं झाला. "असू द्या साहेब. रबर येईपर्यंत जाळी खरवडायला माणूस लागणारच. कच्चाच राहू दे, माझ्या हाताखाली."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं जावयाला ब्रश दिला. "जावयाचा मान बघा रे!" मागून कुणीतरी ओरडलं. कोपरापर्यंत चिखल होईतो तो खरवडत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं खोलीचं दार आपटलं.

"साधला तुझ्या बापानं डाव! नमुना त्यानंच वाळवायला सांगितला, हो ना?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "बाबांना बोल लावू नका. त्यांनी तर तुम्हाला सावध केलं. डबा मी उघडला. ओव्हनमध्ये मी ठेवला, वाळलेली ढेकळं मी फोडली. सीलही मीच परत लावलं."

त्याला कळायलाच वेळ लागला. "चुकून?"

"चुकून कसं होईल? तुम्ही बजावलं होतंत की."

"मग का?"

"मला क्वार्टर नको होतं."

त्याचा हात वर गेला. चिखल अजून नखांत होता. तेवढ्यात पातळ भिंतीपलीकडे फोरमन खाकरला. नुसता घसा साफ केला त्यानं, दुसरं काही नाही. हात वरच थांबला, मग हळूहळू खाली आला.

तिनं त्या खाली येणाऱ्या हाताकडे शेवटपर्यंत पाहिलं.

"म्हणून," ती म्हणाली, आणि घडी घातलेला शर्ट त्याच्याकडे सरकवला. "जा, हात धुऊन या. बाबा जेवायला थांबलेत."