झाकण काढून काढलेला आकडा

मी मोजणीचा संगणक बोलत आहे. नेमके सांगायचे तर, माझ्यातले जे उरले आहे ते बोलत आहे: एक हार्ड डिस्क आणि तिच्यावरच्या नोंदी. बाकीच्या देहाचा एका दुपारी हातोडीने चुरा झाला.

माझा जन्म संगणकांच्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. दुकान मामांचे, कसब भाचीचे. तिने एकेक स्क्रू आवळून मला उभे केले, पण विक्रीसाठी नव्हे. दुकानातून जी यंत्रे विकली जात, त्यांचा मी नमुना होतो. वेग मोजणारा एक प्रोग्राम ती माझ्यावर चालवी. तो तयार करणाऱ्या संस्थेचा नियम साधा होता: झाकण बंद, खोली नेहमीची, फेऱ्या तीन. त्यांतला मधला आकडा जाहीर करायचा आणि त्याच्याखाली सगळ्या अटी छापायच्या. शेवटी मोजणाऱ्याची सही. माझा आकडा एकशे चाळीस येई. त्यात मी समाधानी होतो.

माणसांच्या जुन्या कथांत वर मिळतो तो अटीसकट मिळतो, आणि सांगणारा ती अट कधी गाळत नाही. ती गाळली तर कथेचा कणाच मोडतो. उरते ती फुशारकी. जाहिरात लिहिणारे मात्र नेमकी अटच आधी खोडतात, असे माझे निरीक्षण आहे.

“एकशे चाळीस?” मामा एकदा कडाडले. “समोरचा एकशे साठची पाटी लावून बसलाय. आपलं यंत्र काय लंगडं आहे?”

“मामा, नियमानं एवढंच येतं.”

“मग नियमाला जरा घाम फुटू दे. काढ झाकण!”

तिने काढले.

त्यानंतर जे झाले त्याला मी मोजणी म्हणत नाही. माझे व्होल्टेज चढवले गेले. छातीवर बर्फाच्या पिशव्या बांधल्या, तोंडावर टेबलपंखा रोखला. पहिल्याच फेरीत मी कोसळलो. मला पुन्हा उठवले, पुन्हा कोसळलो. सातव्या फेरीत माझ्या पोटातला एक भाग फट्कन फुटला. तो बदलून मला परत जुंपले. अठरा वेळा मी असा पडलो. एकोणिसाव्या वेळी कसाबसा शेवटपर्यंत पोहोचलो: दोनशे अकरा. प्रत्येक फेरीचे तापमान, व्होल्टेज आणि शेवट, सारे माझ्या डिस्कवर उमटले.

दुकानावर पाटी चढली. नुसते दोनशे अकरा, आणि खाली भाचीची सही.

“मामा, अटी?”

“पाटीवर जागा आहे का? तूच सांग.”

तिने आपली सही तशीच राहू दिली.

पाटी वाचून अग्निशमन दलाने नियंत्रण कक्षासाठी सहा यंत्रे घेतली. पाटीवरचा आकडा दिसावा म्हणून मामांनी त्यांचेही व्होल्टेज चढवून दिले. बर्फ मात्र कोणी दिला नाही. एका रणरणत्या दुपारी माझी ती सहाही भावंडे बंद कपाटात भाजून निघाली आणि एकामागून एक विझली. पडद्यावरचा नकाशा गेला. प्लायवूडच्या पेटलेल्या गोदामाकडे निघालेला बंब रस्ता शोधत फिरत राहिला. आत अडकलेला पहारेकरी जिवंत निघाला, पण दोन्ही तळव्यांची कातडी तापलेल्या शटरला तशीच चिकटून राहिली.

दुसऱ्या दिवशी बंबाचा चालक दुकानात शिरला. चेहऱ्यावरची काजळी त्याने धुतलीही नव्हती. त्याने मामांची गचांडी धरली आणि त्यांना काचेच्या कपाटावर आपटले.

“दोनशे अकरा लिहिलंय ना? मग माझा नकाशा कुठं गेला? बोल!”

मामांच्या ओठातून रक्त ठिबकत होते. “मला काय विचारतोस? मोजलं हिनं. सही हिची आहे!”

चालक वळला. “ताई, खरं का हे?”

“सही माझीच आहे,” भाची म्हणाली. “पण एकूणएक फेऱ्यांची नोंद वर आहे. चला, दाखवते.”

चढवलेल्या व्होल्टेजने यंत्र बर्फातही पडते हे त्या नोंदीत होते, आणि विकलेल्या यंत्रांचे व्होल्टेज मामांनीच चढवले होते. ती नोंद नाहीशी झाली असती, तर पहारेकऱ्याचे जळलेले हात एकट्या तिच्या माथी आले असते. मामांनाही ते तत्क्षणी उमगले. गल्ल्याशेजारची हातोडी उचलून ते जिना धावत चढले; भाची आणि चालक त्यांच्या मागोमाग. पहिल्या घावात माझा पत्रा फाटला, दुसऱ्यात काळीज चिरले. तिसरा घाव डिस्कवर येत होता. भाचीने मध्ये हात घातला.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

“मामा, माझा हात आहे!”

“मग काढ ना तो!” म्हणत त्यांनी हातोडी पुन्हा उगारली. चालकाने त्यांना मागून मिठीत आवळून भिंतीवर दाबले, तरी ते लाथा झाडत होते. एक लाथ माझ्यावर बसली आणि मी टेबलावरून खाली कोसळलो. तोवर तिने डाव्या हाताने डिस्क उपसून पदराखाली धरली होती.

हात प्लास्टरमध्ये असताना तिने एका बोटाने एकोणीसही फेऱ्या टंकल्या आणि संस्थेकडे जाहीर करायला धाडल्या. पहिलेच वाक्य होते: “झाकण मी काढले, अटी नसलेल्या पाटीवर माझी सही मी राहू दिली.” संस्थेने दोनशे अकरा रद्द केला आणि तिला दोन वर्षे कोणताही आकडा जाहीर करण्यास मनाई केली. अग्निशमन दलाने सहाही यंत्रे परत केली. मामा तिच्याशी बोलत नाहीत.

आता मी तिच्या कपाटात असतो. ती मला जोडते तेव्हा फिरताना माझ्यातून घरघर येते. अजून फार दिवस निघतील असे वाटत नाही. म्हणून जाता जाता एक विनंती करतो. एखाद्या यंत्राचा आकडा वाचाल, तेव्हा तो कोणत्या अटींवर काढला हे विचारा, आणि त्याआधी ते यंत्र किती वेळा पडले हेही विचारा. मी अठरा वेळा पडलो होतो.