उथळ खड्डा

"अजून हातभर खाली जाऊ द्या," मातीमास्तर म्हणाले.

कुदळवाला कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. "साहेब, लोण्यासारखी माती आहे. आणखी काय बघायचंय?"

"लोण्याखाली काय आहे ते."

माती तपासण्याच्या खात्यात मास्तरांची तेहेतीस वर्षं गेली होती. ओली माती बोटांत चोळून ते तिचा वर्ग सांगत, म्हणून हे नाव पडलं होतं. नदीकाठचं हे पुराच्या पट्ट्यातलं शेत अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच तपासलं होतं. 'वर्ग पहिला, फळबागेस उत्तम.' त्या कागदावर विसंबून शेताच्या मालकीणबाईंनी संत्री लावली. सहाव्या वर्षी झाडं पिवळी पडली आणि मग एकामागून एक वाळली. फेरतपासणीचा अर्ज आला तेव्हा मास्तरांनी तो स्वतःकडे घेतला.

छातीइतक्या खोलीवर मातीचा रंग पालटला. करडी, निळसर, मधे गंजासारखे ठिपके. पूर ओसरला तरी इथे महिनोन्‌महिने पाणी तुंबत होतं आणि मुळं गुदमरत होती. मास्तरांनी जुनी वही उघडली. खड्ड्याची खोली : दोन हात. वरचा गाळ पाहून ते भाळले होते, एवढंच.

बाई बांधावर उभ्या होत्या. "काय कमी औषधं मारली! सासूबाई म्हणतात, हिच्या हाताला यश नाही, हिनं लावलेलं जगत नाही. आता मलाही तसंच वाटतं."

"तुमचा हात चांगला आहे, ताई. माझा खड्डा उथळ होता."

बाई बांधावरून उतरून खड्ड्याच्या काठाशी आल्या. मग म्हणाल्या, "हे लिहून द्याल?"

कार्यालयात वरिष्ठांनी मसुदा वाचून चष्मा काढला. "अहो, 'पुरामुळे जमीन बदलली' म्हणा की! तीन महिन्यांवर निवृत्ती आली, आता कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता?"

"जमीन बदललेली नाही, साहेब. होती तशीच आहे."

"मग चौकशी लागली तर माझ्याकडे येऊ नका."

"नाही येणार."

मास्तरांनी लिहिलं : वर्ग तिसरा. उथळ मुळांची हंगामी पिकं घ्यावीत, फळझाडं नकोत. आधीचं वर्गीकरण चुकीचं होतं, ती तपासणी माझीच.

टपालानं न पाठवता ते कागद घेऊन स्वतः गेले. बाईंनी दारातच तो वाचला. 'या' म्हणायचंही भान न राहता त्या तशाच आत गेल्या. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येई.

"काय लिहिलंय?" म्हातारीनं विचारलं.

"तपासणाऱ्यांची चूक होती!" बाई म्हणाल्या आणि कागद मोठ्यानं वाचू लागल्या.

"कुणाची?"

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली, आणखी मोठ्यानं. मास्तर उंबऱ्याबाहेर टोपी हातात धरून उभे होते. वाचून होईपर्यंत ते हलले नाहीत.