कात्रीवरचा शिक्का

शेजारच्या देशाशी खुल्या व्यापाराचा करार झाला, तेव्हा अख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त हरखली ती वहिनी. कात्र्यांचा कारखाना मूळचा तिच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर तिनं कंबर कसली आणि डझनभर कारागिरांना कामाला जुंपलं. धाकटा दीर तिथला मुख्य कारागीर. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळेच वहिनी म्हणायचे.

तिची सख्खी धाकटी बहीण सीमेपलीकडे दिली होती आणि तिच्या सासरीही कात्र्याच बनत. सीमेवरच्या जबर करामुळे तिकडच्या कात्र्या इकडे यायच्या नाहीत, इकडच्या तिकडे जायच्या नाहीत, त्यामुळे दोघी बहिणींचं गूळपीठ होतं.

"आता पोलाद स्वस्त होणार, भाऊजी," वहिनी दिराला म्हणाली. पोलादाच्या पट्ट्या कर भरून तिकडूनच यायच्या.

दीर पात्याला बाक देत होता. कात्रीच्या दोन्ही पात्यांना किंचित बाक लागतो, नाहीतर ती कापड चावते. "पोलाद येईल तशा कात्र्याही येतील," तो मान वर न करता म्हणाला.

"तुम्हाला मेलं चांगलं बघवतच नाही."

पहिलं वर्ष वहिनीचंच खरं ठरलं. पोलाद स्वस्त झालं. सासूबाईंच्या हृदयाच्या गोळ्या, ज्या त्या एक दिवसाआड घेऊन पुरवत होत्या, त्या तिकडून येऊ लागल्या आणि रोज घेणं परवडायला लागलं. सासूबाई पुन्हा जिना चढू लागल्या. वहिनीनं पट्ट्या थेट तिकडून मागवल्या आणि पोलादाच्या जुन्या व्यापाऱ्याला दारातूनच वाटेला लावलं. तो नवऱ्याचा बालमित्र होता. त्याच्या दुकानाला कुलूप लागलं, तेव्हा ती म्हणाली, "धंद्यात मैत्री कसली?"

मग कात्र्या आल्या.

पहिली पाहिली ती समोरच्या शिंपीणबाईंकडे. दिरानं ओल्या कापडाच्या चार घड्या करून ती चालवली. लोण्यातून जावी तशी गेली. त्यानं तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

"चांगली आहे," एवढंच बोलला.

"राग मानू नका," शिंपीणबाई वहिनीला म्हणाल्या. "तुमची धार महिन्यात जाते, हात भरून येतो माझा. ही हलकी आहे, वर स्वस्त. मी पोट भरायला बसलेय इथे, तुमचं नाव राखायला नाही."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून वहिनी त्यांच्याशी कित्येक दिवस बोलली नाही.

माल पडून राहायला लागला तेव्हा बहिणीचा फोन आला. आवाजात साखर घोळलेली. "ताई, तू का जीव आटवतेस? आमच्याकडून कोऱ्या कात्र्या घे. वर तुझा शिक्का मार नि विक. तुझं नाव तिकडे चालतं. भट्टी नको, दगड नको, माणसं नकोत."

वहिनीला ते पटलं. माणसांना सांगायचं मात्र तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनं ते दिराच्या गळ्यात घातलं.

"तुम्हीच सांगा, भाऊजी. तुमचं ऐकतात."

"म्हातारबांना तरी ठेवा. धारेच्या दगडाची धूळ खाऊन छाती गेलीय त्यांची. दुसरीकडे कोण घेणार?"

"म्हणूनच नको. उद्या इथेच काही झालं तर निस्तरायचं कोणी?"

दिरानं एकेकाला बाहेर बोलावून सांगितलं. त्याच्याच हाताखाली तयार झालेला एक उंचेला कारागीर होता, त्याला सगळे ताडोबा म्हणत. तो हसत म्हणाला, "उस्ताद, निदान शिवी तरी घाला. नुसतं जा म्हटल्यावर पाय निघत नाही." म्हातारबा खोकत खोकत आपला डबा धुऊन घेऊन गेले. वहिनी तेवढा वेळ आतल्या खोलीत दार लावून बसली होती.

त्यानंतर कारखान्यात दीर एकटा. ज्या हातानं पात्यांना बाक द्यायचा, त्याच हातानं तो दिवसभर दुसऱ्यांच्या कात्र्यांवर थोरल्या भावाचा शिक्का मारायचा.

बहीण भेटीला आली ती नव्या गाडीतून. दीर माल पोचवायला बाजारात गेला होता. चहा घेता घेता तिनं शिक्क्याचा हक्क चांगले पैसे मोजून मागितला, वहिनीनं हरखून सही केली; मग तिनं दुसरा विषय काढला.

"ताई, मोठ्या कात्र्यांना यंत्रानं बाक नीट येत नाही. शिकवणारा हात हवाय. कराराप्रमाणे एका कारागिराला राहायचा परवाना मिळतो. मला तुझे दीर हवेत. घर देऊ, मान देऊ. आईलाही घेऊन येऊ देत. तू विचारशील?"

"विचारते की," वहिनी म्हणाली.

तिनं विचारलं नाही. दीर गेला तर शिक्का मारायला बाहेरचा माणूस आला, सासूबाई गेल्या तर घर खायला उठणार, आणि तो तिकडे मानानं राहणार हे सगळ्यात जड. दोन दिवसांनी तिनं फोनवर सांगून टाकलं, "नाही म्हणतात. त्यांना घर सोडवत नाही."

बहिणीनं मग ताडोबाला बोलावून घेतलं.

पुढच्या हंगामात तिचाच फोन. "ताई, शिक्का इकडेच मारतो आता. उगीच माल तिकडे उतरवा, परत चढवा."

"शिक्का माझा आहे."

"विकलास ना तू आम्हाला? मागे आलो तेव्हाच नाही का ठरलं? तेव्हा किती खूश होतीस." आणि मग मायेनं, "आराम कर गं आता. फार राबलीस."

ताडोबा सुट्टीवर आला तो उस्तादांसाठी उंची शाल घेऊन. रिकाम्या कारखान्यात दोघं उलट्या खोक्यांवर बसले. वहिनी पाणी घेऊन येत होती, ती दारातच थबकली.

"उस्ताद, तुमचे उपकार," ताडोबा म्हणत होता. "तुम्ही नाही म्हणालात म्हणून माझं नशीब उघडलं."

"मी नाही म्हणालो? कशाला?"

ताडोबानं सांगितलं. दिरानं सगळं ऐकून घेतलं, शालीची घडी मोडून पाहिली, रंग छान आहे म्हणाला. ताडोबा गेल्यावर तो वहिनीसमोर आला.

"विचारायचं तरी होतंत, वहिनी. मी कदाचित गेलोही नसतो."

"मी एकटीनं काय केलं असतं इथे? तुमच्या भावाच्या माघारी—"

"भावाला मध्ये आणू नका."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो महिनाभर तिच्या हातचं जेवला, ताट उचलून ठेवलं, आणि तेवढ्या दिवसांत दुसऱ्या मोहल्ल्यात खोली बघून आला. धार लावायचा दगड त्यानं तिथे हलवला. नव्या कात्र्यांना धार क्वचितच लागते, पण सुऱ्या असतात, विळे असतात.

शेवटी एका दुपारी त्यानं दाराशी रिक्षा आणली आणि आईला हात धरून बसवलं. मांडीवर गोळ्यांची पिशवी दिली.

"अरे, ही नाही येत?" सासूबाईंनी विचारलं. सुनेकडे बघत त्यांनी सरकून जागाही केली होती.

वहिनी उंबऱ्यात उभी होती. नुसतं बोलवायचा अवकाश, ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली असती.

"मी विचारलं त्यांना," दीर म्हणाला. "नाही म्हणतात. त्यांना घर सोडवत नाही."

वहिनीनं तोंड उघडलं, पण सासूबाई तिच्याकडे अशा काही बघत होत्या की ती उंबऱ्याच्या आत सरकली. "असो बाई. ज्याचा त्याचा जीव," म्हणत त्यांनी मान फिरवली. रिक्षा गेली.

पुढे बहिणीच्या माणसानं येऊन कारखान्याची जागा मागितली. तिकडून येणारा माल ठेवायला त्यांना इथे गोडाऊन हवं होतं. वहिनीनं दिली. भाडं वेळेवर येतं, खाऊन-पिऊन ती सुखी आहे. खोकी उतरायची असली की सकाळी हमाल हाक मारतात, आणि ती खाली जाऊन दार उघडून देते.