अरुंद तोंडाचं पिंप

संकट आलं तर त्या इमारतीत सगळ्यात शेवटपर्यंत कोण तगेल, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. चौथ्या मजल्यावरचे कप्तान.

कप्तान कधी जहाजावर चढलेले नव्हते. जन्मभर त्यांनी एका कचेरीत नकाशे आखले, आणि निवृत्त झाल्यावर आखायला काही उरलं नाही म्हणून घर आखायला घेतलं. गॅलरीत पाण्याची पिंपं आली. पलंगाखाली डाळ-तांदळाचे डबे सरकले. दाराशी वाळूची बादली बसली आणि तिच्या शेजारी आणीबाणीची बॅग, कायम भरलेली, उचलली की निघता येईल अशी. गच्चीवर फुटक्या टबांत टोमॅटो लागले, साबण घरी होऊ लागला, आणि घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात एकेक शिट्टी आली. माणसं दोनच, म्हणून शिट्ट्याही दोनच. नियम असा की शिट्टी वाजली की हातातलं टाकायचं, आहे तिथे थांबायचं आणि वाजवणाऱ्याचं म्हणणं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. आजवर ती कप्तानांनीच वाजवली होती, आणि बहुतेक वेळा चष्मा सापडत नव्हता म्हणून.

दुसरी शिट्टी काकूंच्या गळ्यात होती. काकू म्हणजे कप्तानांची बायको. सगळी इमारत त्यांना काकूच म्हणायची. ती शिट्टी त्यांनी एकदाही तोंडाला लावली नव्हती. वेळ कुठे होता? डाळीला ऊन दाखवायचं, नाहीतर किडे होतात. सौर दिवे सकाळी गच्चीवर न्यायचे आणि उन्हं उतरली की खाली आणायचे. टोमॅटोला पाणी घालायचं, साबणाच्या वड्या पाडायच्या, जुने तांदूळ पुढे आणि नवे मागे करायचे. हे सगळं कप्तान करायचे असं कप्तान सांगायचे. ते हुकूम करायचे हे खरं. आता हुकूम करणं हेही कामच, असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि पिंपं. पिंपं कप्तानांनी स्वतः दहा दुकानं पालथी घालून आणली होती. तोंड अरुंद, झाकण घट्ट, धुळीचा कण आत जायचा नाही. गॅलरीत रांगेनं मांडून झाल्यावर लक्षात आलं की आत हातही जात नाही. कप्तानांचा पंजा तोंडाशीच अडायचा. काकूंचा हात मात्र बारीक. तो दंडापर्यंत आत गेला. तेव्हा कप्तान खूश होऊन म्हणाले होते, "बघ! कसं बरोबर जमलं!" जणू काही बायकोच्या दंडाचं माप घेऊनच दुकानात गेले होते. त्या दिवसापासून दर आठवड्याला काकू पिंप आडवं पाडायच्या, चिंधी घेऊन हात आत घालायच्या, गाल पिंपाला टेकवून तळ घासायच्या. कप्तान बाहेरून खडूनं पुढच्या घासणीची तारीख घालायचे.

अशीच पिंपं घासत असताना काकूंच्या बहिणीच्या शेजारणीचा फोन आला. ताई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि रविवारी तिला घरी सोडणार होते. घरी ताई एकटीच. शेजारीण म्हणाली, "दोन-तीन दिवस मी बघेन हो, पण पुढे मला नाही जमायचं."

आई गेल्यावर काकूंची वेणी घालणारी ती ताई. स्वतःची शाळा सोडून हिला शाळेत पोचवणारी ती ताई. काकूंनी ओला हात पुसायचीही वाट पाहिली नाही.

"अहो, ताईचं असं असं झालंय. मी महिनाभर जाते."

कप्तान टेबलावर मोठ्या पुठ्ठ्याची पाटी रंगवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "रविवारी? रविवारी तर आपलं प्रात्यक्षिक आहे. शेजारच्या दोन्ही इमारतींतली माणसं यायचीत."

"ते झालं की निघते."

"आणि पिंपं? डाळ? गच्चीवरचं? अगं, चालतं घर असं वाऱ्यावर सोडून कसं चालेल? ताईंना म्हणावं एखादी बाई ठेवा. पुढच्या महिन्यात बघू."

बघू! लग्न झाल्यापासून हा शब्द काकू ऐकत आल्या होत्या, आणि ज्याच्याबद्दल 'बघू' म्हटलं गेलं ते कोणी कधी बघितलेलं त्यांना आठवत नव्हतं. पाटीवर त्यांची नजर गेली. सुवाच्य, टपोऱ्या अक्षरांत, नकाशे आखणाऱ्या हातानं लिहिलं होतं : 'हे घर महिनाभर कोणाच्याही मदतीशिवाय चालू शकतं.' काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रंग ओला होता आणि पिंपं अर्धी राहिली होती, म्हणून त्या परत गॅलरीत गेल्या आणि इतक्या जोरात तळ घासला की चिंधी फाटली.

रविवारी दिवाणखाना माणसांनी भरला. कोणाच्याही मदतीशिवाय चालणाऱ्या त्या घरात बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा तळमजल्यावरच्या शिवणवालीच्या दुकानातून मागून आणल्या. शिवणवाली स्वतःही वर आली आणि दाराशी उभी राहिली. चहा अर्थातच काकूंनी केला. कप्तानांनी दिवे लावून दाखवले, हातानं फिरवायचा रेडिओ फिरवला, पिंपांवरच्या तारखा वाचून दाखवल्या. लोक माना डोलवत होते. एक गृहस्थ म्हणाले, "कमाल आहे हो तुमची. एवढं सगळं एकट्यानं?" कप्तान नम्रपणे हसले. नाही म्हणाले नाहीत.

मग त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली. ही गोष्ट काकूंनी लग्नकार्यांत, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, कुठेकुठे ऐकली होती. वादळात वीज गेली, पंप बंद, लिफ्ट बंद. तीन दिवस. कप्तानांची आई अंथरुणाला खिळलेली.

"आणि त्या तीन दिवसांत," कप्तानांचा आवाज खाली आला, जसा तो इथे नेहमीच यायचा, "या घरात काही नव्हतं. पाणी नाही, दिवा नाही. मदतीला कोणी नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं..."

काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ही ओळ त्यांच्या कानांवरून इतक्यांदा गेली होती की खुपायची बंद झाली होती. आज ती काट्यासारखी आत गेली. मदतीला कोणी नव्हतं. मग खालच्या टाकीतून चार जिने बादल्या चढवत होती ती कोण होती? सासूबाईंची कूस बदलत होती, अंथरूण धूत होती, पुठ्ठ्याच्या झाकणानं दिवसभर वारा घालत होती, ती कोण? आणि आज जी बाई महिनाभर गेली तर घर वाऱ्यावर पडतं, ती पाटीवरच्या 'कोणाच्याही'मध्येसुद्धा बसत नाही?

त्यांनी ट्रे स्टुलावर ठेवला, गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि फुंकली.

अशी फुंकली की रेडिओवर ठेवलेला कप्तानांचा हात दचकून खाली आला. आणि नियमच होता, म्हणून कप्तान थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोसमोर तोंड अर्धं उघडं ठेवून थांबले.

"मी होते," काकू म्हणाल्या.

त्यांचा आवाज कापत होता. पण भीतीनं नव्हे, हे त्यांच्या तोंडाकडे बघून कोणालाही कळलं असतं.

"त्या तीन दिवसांत घरात मी होते. पाणी होतं, कारण मी आणत होते. हे वीज कंपनीच्या ऑफिसात बसून भांडत होते, ते खरं आहे, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी दमून यायचे. पण आल्यावर ज्या पाण्यानं पाय धुतले ते पाणी काय आपल्या पायांनी जिना चढून आलं होतं?"

दारातून शिवणवाली म्हणाली, "मी बघितलंय. काकूंची बादली माझ्या दारात सांडली होती. काकू खाली बसून रडल्या आणि परत भरायला गेल्या."

हे काकू स्वतःही विसरल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना रागच आला.

मघाचे गृहस्थ चुळबुळले. "पण मग... हे महिनाभर चालतं म्हणतात ते?"

"चालतं की. पाटीच लावलीय ना!" काकू म्हणाल्या. "माझी बहीण खुबा मोडून पडलीय. तिच्याकडे जायचं तर हे म्हणतात, घर कसं चालेल? आज अनायासे तुम्ही सगळे आहात. समोरासमोर होऊन जाऊ दे. मी आत्ता निघते, महिन्यानं येते."

"अगं, पण..."

"थांबा. शिट्टी मी वाजवलीय. माझं संपलेलं नाही."

कप्तानांनी शब्द गिळला.

काकूंनी दाराशी असलेली आणीबाणीची बॅग उचलून खुर्चीवर उघडली. त्यांनीच भरली होती ती. कप्तान सांगत गेले आणि त्या घड्या घालत गेल्या. त्यातून आता एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. कप्तानांचे दोन शर्ट. कप्तानांची विजार. कप्तानांचा जादा चष्मा. कप्तानांच्या गोळ्या, कप्तानांचे गरम मोजे, दाढीचं सामान. बॅग रिकामी झाली. काकूंनी आत हात घालून कोपरे चाचपले. त्यांचं स्वतःचं काही म्हणजे काही नव्हतं. इमारतीला आग लागली असती तर कप्तान दाढी करून, गरम मोजे घालून सुखरूप बाहेर पडले असते आणि बाई अंगावरच्या कपड्यांनिशी!

भरताना हे आपल्या ध्यानातही आलं नाही, याचा काकूंना सगळ्यात जास्त संताप आला. नवऱ्याचा येत होताच, आता स्वतःचाही आला. समोर बसलेल्या एक-दोन बायका आपापल्या नवऱ्यांकडे अशा काही बघू लागल्या की त्या नवऱ्यांना भिंतीवरची पाटी पुन्हा वाचावीशी वाटली.

काकूंनी आतून आपले कपडे आणले, बॅगेत कोंबले, आणि शिट्टी गळ्यातून काढून दाराच्या खिळ्याला अडकवली. "चहा गार होतोय, घ्या सगळ्यांनी," एवढं मात्र त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून बसस्टँडला गेल्या. लिफ्ट चालू होती. पण त्यांना पायांनीच उतरायचं होतं.

ताईकडे पहिले दोन दिवस उसंत मिळाली नाही. ताईला उठवायचं, बसवायचं, वॉकर धरून चार पावलं चालवायचं. ताई दुखण्यानं वैतागून म्हणायची, "तुझं घर सोडून माझ्यामागे कशाला लागलीस? तिकडे भावजींचे हाल होत असतील." काकू तिची वेणी घालता घालता म्हणायच्या, "त्यांच्याकडे सगळी तयारी आहे." हे बोलताना दात आपोआप आवळले जायचे. राग काही उतरत नव्हता, आणि काकूंना तो उतरवायचाही नव्हता. इतक्या वर्षांनी आला होता, राहू दे म्हटलं चार दिवस.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवणवालीचा फोन आला. बाई बोलण्याआधी हसतच होती.

"काकू, घाबरू नका हं, आता सगळं ठीक आहे. अहो, शिट्टी वाजायला लागली वर! थांबेचना. आम्ही सगळे धावलो. दार लोटलेलंच होतं. बघतो तर कप्तान गॅलरीत जमिनीवर बसलेत, हात पिंपात! कसा घातला कोण जाणे. आत गेला तो गेला, बाहेर यायचं नाव नाही. तासभर ओढत होते म्हणे. मनगट हे एवढं सुजलेलं. मग मी साबण लावला, सेक्रेटरींनी पिंप धरलं, दोघांनी कप्तानांना धरलं, तेव्हा कुठे सुटले."

"साबण कुठला लावलास?"

"तुम्हीच केलेला, मोरीवरचा. थांबा, त्यांना बोलायचंय."

फोनवर थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. काकूंनी मदत केली नाही.

"तारीख उलटून गेली होती पिंपांची," अखेर कप्तान म्हणाले. "म्हटलं, आपणच घासू." मग थांबून, अगदी लहान आवाजात, "काय करावं सुचेना गं. इतक्या हाका मारल्या. मदतीला घरात कोणी नव्हतं."

तेच शब्द. तोच खाली आलेला आवाज. फक्त या वेळी समोर ऐकायला माणसं बसवलेली नव्हती. पलंगावरून ताई खुणेनं विचारत होती, काय झालं? काकूंनी तिला हातानं थांब म्हटलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आज नव्हतं."

आणि ताईच्या व्यायामाची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी फोन ठेवला.